ठोसा मारणाऱ्याचा हात आणि खाणाऱ्याचे डोके

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ अर्थात ‘यूएफसी’चा पहिला मेळावा भरला, तेव्हा त्यात उतरलेल्या बहुतेक लढवय्यांच्या हातांवर ग्लोव्हज नव्हते. पहिली लढत अवघ्या २६ सेकंदांत संपली. हॉलंडच्या जेरार्ड गोर्दो याने हवाईच्या टेला तुली या अवाढव्य सुमो मल्लाच्या तोंडावर लाथ हाणली, पाठोपाठ उजव्या हाताचा ठोसा लगावला आणि पंचांनी लढत थांबवली. तुलीचा एक दात प्रेक्षकांच्या दिशेने उडाला, तर दातांचे तुकडे गोर्दोच्या पायात रुतून बसले. विजेत्याला खरा महागात पडला तो मात्र ठोसा. त्या ठोशाने त्याचा स्वतःचाच हात मोडला. मोडका हात आणि जखमी पाय घेऊन त्याला त्याच रात्री आणखी दोन लढती खेळाव्या लागल्या आणि अंतिम फेरीत ब्राझीलच्या रॉईस ग्रेसीने त्याला हरवले. त्याच मेळाव्यात आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एका हातात ग्लोव्ह आणि दुसरा हात मोकळा अशा थाटात उतरला होता. त्याचाही ग्रेसीपुढे निभाव लागला नाही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे मुष्टियुद्ध, लाथांचे प्रकार, कुस्ती आणि जमिनीवरच्या पकडी यांचा एकत्रित खेळ शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्या २६ सेकंदांचा विचार करावा असा आहे. माणसाची कवटी ही शरीरातील कठीण वस्तूंपैकी एक आणि तिच्यावर आदळणारी मूठ ही त्यामानाने नाजूक. एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी करंगळीच्या मुळाशी तळहातात असलेले हाड ठोसा चुकीच्या कोनातून बसला की सर्वांत आधी मोडते. या मोडीला अस्थिरोगतज्ज्ञांच्या भाषेत मुष्टियोद्ध्याच्या नावानेच ओळखले जाते. भिंतीवर रागाने मूठ आपटणारी तरुण मुलेही याच दुखण्याने डॉक्टरांकडे येतात.

ग्लोव्हज आले ते या पार्श्वभूमीवर. इंग्लंडमध्ये १८६७ साली मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी मुष्टियुद्धात ते रूढ केले. यूएफसीने ते सक्तीचे केले १९९७ साली, आपल्या चौदाव्या मेळाव्यापासून. पुढे २००० च्या सुमारास न्यू जर्सीत आकाराला आलेल्या एकत्रित नियमांनी ग्लोव्हजचे वजन ४ ते ६ औंस असावे असे ठरवले. व्यावसायिक लढतींत आजही चार औंसांचा, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम वजनाचा, बोटे उघडी ठेवणारा ग्लोव्ह वापरला जातो. ग्लोव्ह घातल्यामुळे खेळ ‘सभ्य’ झाला अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुतः ग्लोव्ह प्रथम वाचवतो तो ठोसा मारणाऱ्याचा हात. हात सुरक्षित झाला की तोच हात डोक्यावर अधिक जोराने आणि अधिक वेळा चालवता येतो. उघड्या मुठीने कपाळावर दहा ठोसे मारण्याची कोणाची छाती होत नाही. पट्टी आणि ग्लोव्ह असल्यावर होते. हे एकदा ध्यानात घेतले की दुकानात काय मागायचे, याचा अर्धा उलगडा आपोआप होतो.

भारतात हा खेळ २०१२ सालच्या ‘सुपर फाइट लीग’पासून चर्चेत आला. २०१९ मध्ये मुंबईत ‘मॅट्रिक्स फाइट नाइट’ सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली. असा विजय मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मुंबई-पुण्यातील व्यायामशाळांत आता या खेळाचे वर्ग चालतात आणि त्यांत महाविद्यालयीन मुलांबरोबर नोकरदार मंडळीही सायंकाळी घाम गाळताना दिसतात. यांतील पुष्कळांची पहिली खरेदी चुकते. दूरचित्रवाणीवर जे दिसते तेच, म्हणजे चार औंसांचे ग्लोव्हज ते घेऊन येतात. हे ग्लोव्हज लढतीसाठी असतात. प्रतिस्पर्ध्याला इजा व्हावी हाच जिथे हेतू, तिथले ते साहित्य. सरावात समोर उभा असतो तो जोडीदार. उद्या सकाळी त्याला कार्यालयात जायचे असते आणि परवा पुन्हा सरावालाही यायचे असते.

सरावाचे ग्लोव्हज म्हणजे एकच वस्तू नव्हे. पंचिंग बॅगवर किंवा प्रशिक्षकाने धरलेल्या पॅडवर ठोसे मारायचे असतील तर मुष्टियुद्धाचा १० ते १२ औंसांचा बंद ग्लोव्ह उत्तम. कारण बॅगवर शेकडो ठोसे बसतात आणि त्यात झीज होते ती मनगटाची आणि बोटांच्या सांध्यांची. उभ्याने ठोशांची सराव-लढत, म्हणजे ‘स्पारिंग’ करायचे असेल तर बहुतेक व्यायामशाळा १६ औंसांचा, साधारण ४५० ग्रॅमचा ग्लोव्ह मागतात. शरीराने बारीक असलेल्यांना १४ औंसांची मुभा असते. आणि ठोसे, कुस्ती व जमिनीवरची झुंज हे सारे एकत्र करायचे असेल तर बोटे उघडी असलेला, पण बोटांच्या सांध्यांवर जाड गादी असलेला सात औंसांचा ग्लोव्ह लागतो. नवशिक्याने या तिघांपैकी एकच जोडी घ्यायची तर बंद १६ औंसांची घ्यावी. बॅगवर ती जड वाटेल, खांदे भरून येतील. पण जोडीदाराच्या नाकाला तिचा त्रास सर्वांत कमी. पहिल्या काही महिन्यांत जमिनीवरच्या पकडी शिकताना बहुधा ग्लोव्हज लागतच नाहीत.

औंसांचा आकडा मात्र आंधळेपणाने मानू नये. तो ग्लोव्हचे एकूण वजन सांगतो, ते वजन कुठे आहे हे सांगत नाही. काही स्वस्त ग्लोव्हजमध्ये बरेचसे वजन मनगटाकडच्या पट्ट्यात असते आणि सांध्यांवरची गादी पातळच राहते. त्यासाठी साधी परीक्षा आहे. ग्लोव्ह हातात घालून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सांध्यांवरची गादी जोराने दाबावी. बोटाचे हाड लगेच हाताला लागले, तर ती गादी ठोशाच्या वेळी काहीही करणार नाही. दाबल्यावर खळगा पडून तो सावकाश भरून येत असेल तर गादी ठीक. ती दगडासारखी टणक असेल तर मारणाऱ्याचा हात सुरक्षित राहील, पण खाणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. आतील फोम एकसंध साच्यातून काढलेला आहे की निरनिराळ्या घनतेचे थर एकावर एक ठेवले आहेत, हेही विचारावे. थरांचा फोम सहसा अधिक काळ टिकतो आणि मार अधिक मऊ करतो. यामागचे शास्त्र साधे आहे. ठोशाचा जोर फोम नाहीसा करत नाही, तो जोर पोहोचायला लागणारा वेळ लांबवतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घ्यावेत, तसेच हे.

ग्लोव्ह नेहमी हाताला पट्टी बांधून मगच घालून पाहावा. पट्टीशिवाय चपखल बसणारा ग्लोव्ह पट्टीनंतर शिरतच नाही आणि दुकानदार परत घेत नाही. पट्टीसह मूठ पूर्ण वळली पाहिजे. ती वळवायला जोर करावा लागत असेल तर तिसऱ्या फेरीत मूठ अर्धवट उघडी राहते आणि बोटे मोडतात. बंद ग्लोव्हमध्ये बोटांची टोके आतील कापडाला टेकावीत, पण दबू नयेत. अंगठा मुख्य भागाला शिवून जोडलेला असावा. मोकळा अंगठा जोडीदाराच्या डोळ्यात जातो किंवा स्वतःचाच मुरगळतो. उघड्या बोटांच्या ग्लोव्हमध्ये बोटांच्या मधल्या शिवणी पाहाव्यात, कारण तो पहिल्यांदा फाटतो तो तिथेच. मनगटाभोवतीचा चिकटपट्टा एकदा पूर्ण फिरून वर यावा. त्याचे खरखरीत टोक बाहेर डोकावत असेल तर त्यावर कापडी टेप लावावी, अन्यथा जोडीदाराच्या मानेवर ओरखडे उठतात. मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत हे सारे हातात घालून पाहता येते; आंतरजालावरून मागवणाऱ्याला ती सोय नाही. त्यांनी निदान हाताचा घेर मोजून, विक्रेत्याच्या मापाच्या कोष्टकाशी ताडून पाहावा. आपल्याकडे मिळणारा बराच माल जालंधर आणि मेरठचा असतो. थायलंडचा माल महाग पडतो. अस्सल कातडे टिकाऊ खरे, पण आठवड्यातून दोनदा सराव करणाऱ्याला चांगल्या कृत्रिम कातड्याचा ग्लोव्ह पुरतो. पैसे वाचवायचेच तर बाहेरच्या कातड्यावर वाचवावेत, आतल्या गादीवर नव्हे.

उघड्या बोटांच्या ग्लोव्हचा एक दोष कोणत्याही किमतीला पुरता जात नाही. बोटे मोकळी असतात ती पकड घेता यावी म्हणून, पण तीच बोटे डोळ्यात जातात. यूएफसीने जून २०२४ मध्ये या दुखण्यावर इलाज म्हणून बोटे आत वळतील अशा बांधणीचे नवे ग्लोव्हज आणले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मागे घेऊन जुन्यांकडे परत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबुधाबीत टॉम अ‍ॅस्पिनॉल आणि सिरिल गान यांच्यातील जागतिक अजिंक्यपदाची लढत पहिल्याच फेरीत डोळ्याला बोट लागल्याने निकालाविना थांबवावी लागली. सरावासाठी घेताना बोटांकडून किंचित आत वळलेला, म्हणजे हात सैल सोडला तरी अर्धी मूठ वळलेली राहील असा ग्लोव्ह निवडावा. चष्मा लावणाऱ्यांनी सरावात तो काढून ठेवावाच लागतो आणि ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज ठोशांच्या सरावात उतरू नये.

ग्लोव्हच्या आतली पट्टी ही या साऱ्या साहित्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. १८० इंचांची, म्हणजे साडेचार मीटर लांबीची, किंचित ताणली जाणारी सुती पट्टी प्रौढांना योग्य. लहान पट्टीत मनगट तरी झाकले जाते किंवा सांधे तरी, दोन्ही नाही. अंगठ्यात फास अडकवून प्रथम मनगटाला तीन-चार वेढे, मग सांध्यांवर तेवढेच, मग बोटांच्या मधून आणि शेवटी उरलेली पट्टी पुन्हा मनगटावर, असा साधारण क्रम असतो. मूठ वळल्यावर ती घट्ट वाटावी आणि हात उघडल्यावर सैल. बोटांना मुंग्या येत असतील तर सोडून पुन्हा बांधावी. औषधाच्या दुकानात मिळणारी क्रेप बँडेज तात्पुरती चालेलही, पण दहा मिनिटांत ती घसरते. आत हात सरकवायचे तयार मोजे सोयीचे असतात, मात्र मनगटाला त्यांचा आधार कमी.

दातांच्या रक्षकाविषयी, म्हणजे ‘माउथगार्ड’विषयी मात्र हयगय परवडत नाही. ग्लोव्हज जोडीदाराचे मागून घेता येतात. ही वस्तू प्रत्येकाची स्वतःचीच हवी आणि पहिल्या दिवसापासून हवी. पकडीच्या सरावातही गुडघा किंवा डोके हनुवटीवर आदळते आणि खालचा जबडा वरच्यावर आपटून दाताचा टवका उडतो. दुकानात मिळणारा सर्वसाधारण प्रकार गरम पाण्यात मऊ करून चावायचा. सोबतच्या कागदावर दिलेला वेळ काटेकोर पाळावा. अधिक वेळ ठेवला तर तो विरघळल्यासारखा पातळ होतो. पाण्यातून काढल्यावर क्षणभर थांबून वरच्या दातांवर बसवावा, बोटांनी बाहेरून ओठांवर आणि गालांवर दाबावे, आणि जीभ टाळूला लावून हवा आत ओढावी. फार जोराने चावू नये, दाढांखालचा थरच निघून जातो. तो नीट बसला की नाही हे ओळखायचे कसे? तोंड उघडले तरी तो वरच्या दातांना धरून राहावा, त्याच्यासह बोलता यावे, आणि तोंडाने श्वास घेता यावा. जबडा आवळूनच तो जागेवर ठेवावा लागत असेल तर तो फेकून दुसरा घ्यावा, किंवा पुन्हा गरम करून बसवावा. नियमित लढत-सराव करणाऱ्यांनी दंतवैद्याकडून दातांचा साचा देऊन तो बनवून घ्यावा. खर्च अधिक, पण एका कृत्रिम दाताच्या खर्चापुढे तो काहीच नाही. दातांना तारा लावलेल्या मुलांनी बाजारातला वापरूच नये, कारण तारांभोवती तो घट्ट बसतो आणि काढताना तारा ओढल्या जातात. त्यांच्यासाठी दंतवैद्याचा सल्ला अनिवार्य.

इथे एक गोष्ट प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर लावावी अशी. प्रौढाचा पक्का दात मुळासकट निखळला तर तो मुळाकडून न धरता वरच्या भागाने उचलावा, माखला असेल तर क्षणभर हलकेच धुवावा, घासू नये. जमल्यास पुन्हा जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. असा दात पुष्कळदा पुन्हा रुजतो. कोरड्या रुमालात गुंडाळून नेलेला दात सहसा रुजत नाही.

दातांनंतर प्रश्न येतो डोक्याचा आणि सर्वाधिक गैरसमज आहे तो याच ठिकाणी. डोक्यावरचे गादीदार कवच, म्हणजे ‘हेडगार्ड’ घातले की मेंदू सुरक्षित झाला, असे पालकांना वाटते. विक्रेते ती समजूत दूर करण्याची घाई करत नाहीत. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कानाला मार बसत नाही, दोन डोकी एकमेकांवर आपटली तर टाके पडत नाहीत. हे सारे खरे आणि तेवढ्यासाठी ते घ्यावे. परंतु मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. ठोशाने डोके झटक्यात वळते, तेव्हा कवटीबरोबर मेंदू तेवढ्याच वेगाने वळत नाही आणि त्याच्या नाजूक तंतूंना पीळ पडतो. बाहेरून कितीही गादी बांधली तरी हे वळणे थांबत नाही. उलट कवचामुळे डोक्याचा आकार वाढतो, बाजूने येणारा ठोसा दिसत नाही, आणि ‘आता काय होणार आहे’ या भरवशावर दोघेही अधिक जोराने मारतात. आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्ध संघटनेने २०१३ साली प्रौढ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. कवच नसताना मेंदूच्या हादऱ्यांमुळे थांबणाऱ्या लढती कमी झाल्या, असा संघटनेचा दावा होता. त्यावर वैद्यकवर्तुळात मतभेद झाले. चेहऱ्यावरच्या जखमा वाढल्या याविषयी मात्र फारसा वाद नाही. थोडक्यात, कवच आहे ते कातडीसाठी.

मग मेंदू वाचवायचा कसा? दुकानात त्यावर उत्तर मिळत नाही. डोक्यावर जोराने ठोसे मारण्याचा सराव किती वेळा करू दिला जातो, यावर ते अवलंबून आहे आणि म्हणून व्यायामशाळा निवडताना ग्लोव्हच्या कंपनीपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा. दर आठवड्याला ‘खरीखुरी’ लढत लावणारा प्रशिक्षक कडक वाटतो. जाणते प्रशिक्षक मात्र बहुतांश सराव हलक्या हाताने आणि ठरवून दिलेल्या डावांपुरता करून घेतात. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यात, ज्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात, शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, उजेड सहन न होणे, नुकतेच घडलेले न आठवणे यांपैकी काहीही झाले तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला, आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत डोक्यावर मार नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, असे काही आढळले तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शाळकरी मुलांना हा खेळ शिकवायचा तर कुस्ती आणि पकडी पुष्कळ आहेत. डोक्यावरचे ठोसे त्या वयात नसले तरी काही बिघडत नाही.

जांघेच्या रक्षकाची गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. तालमीतला मल्ल लंगोट कसल्याखेरीज हौद्यात उतरत नाही. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये मात्र लाथा असतात, त्यामुळे नुसत्या कापडाच्या आधाराने भागत नाही. कठीण कपाचे कवच लागते. एकत्रित नियमांनुसार पुरुष लढवय्यांना ते सक्तीचे आहे. थायलंडकडचे दोऱ्यांनी बांधायचे पोलादी कवच जागचे हलत नाही, पण बांधायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. नवशिक्यास घट्ट चड्डीच्या खिशात बसणारा प्लॅस्टिकचा कप पुरे. तो सैल चड्डीत कधीही ठेवू नये. सरकलेला कप नसलेल्या कपापेक्षा वाईट, कारण त्याची कडच लागते. केवळ पकडींच्या सरावात तो काढून ठेवणे शिष्टसंमत आहे, कारण हात उलटा दाबण्याच्या डावात तो टेकूसारखा वापरला जातो. ब्राझिलियन जिउजित्सूच्या प्रमुख संघटनेच्या स्पर्धांत तर त्याला बंदीच आहे. स्त्रियांसाठी छातीचे कवच मिळते. ते एकसंध कठीण ढालीसारखे असल्यापेक्षा आतील पोशाखाला धरून राहणारे असावे, नाहीतर जमिनीवर वळताना ते गळ्याशी येते.

लाथांच्या सरावात मार खाते ती नडगी. डिसेंबर २०१३ मध्ये अँडरसन सिल्वा याची लाथ ख्रिस वाइडमनने गुडघा उचलून अडवली आणि सिल्वाची नडगी दोन तुकड्यांत मोडली. एप्रिल २०२१ मध्ये तोच प्रसंग खुद्द वाइडमनवर आला. व्यावसायिक लढतीत नडगीवर काहीही नसते. हौशी स्पर्धांत आणि सरावात रक्षक असतात. ते दोन प्रकारचे. थाई बॉक्सिंगचे जाड, मागून पट्ट्यांनी बांधायचे आणि मोज्यासारखे पायात चढवायचे पातळ. पहिला प्रकार उभ्याच्या सरावात उत्तम, पण जमिनीवर पडताच फिरून पोटरीवर जातो. दुसरा जागेवर राहतो, पण त्याची गादी बेताची. उभ्याने लाथा शिकण्याचा काळ मोठा असतो, म्हणून आधी पहिला घ्यावा. गुडघ्याच्या वाटीच्या खालून पावलाच्या वरच्या भागापर्यंत तो पोहोचला पाहिजे. बसून, उकिडवे होऊन, लाथ फिरवून पाहावी. सरकला तर माप चुकले. मऊ गुडघापट्ट्या कुस्तीच्या सरावात कामाच्या, कोपरपट्ट्या फक्त कोपराचे डाव शिकताना.

कानाचे रक्षक आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कोल्हापूर-सांगलीकडील जुन्या मल्लांचे फुगून गोळा झालेले कान ही तर प्रतिष्ठेची खूण. पण तो कान म्हणजे कूर्चा आणि कातडी यांच्यामध्ये साठून घट्ट झालेले रक्त. सूज ताजी असताना एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून घेतले आणि वर दाब देऊन बांधले तर कान पूर्ववत होतो; घरी सुई टोचण्याचे प्रयोग करू नयेत. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी कुस्तीचा कानटोप घेतलेला बरा.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत या साहित्याचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. घामाने भिजलेले ग्लोव्हज पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत रात्रभर राहिले की दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो आणि आठवड्यात बुरशी धरते. सराव संपताच ते उघडून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि पंख्याखाली ठेवावेत. या कामी छापील आवृत्तीच उपयोगी. कडक उन्हात ठेवू नयेत, कातड्याला भेगा पडतात. पट्ट्या प्रत्येक सरावानंतर धुवाव्यात. दोन जोड्या ठेवल्या तर हे जमते. नायटा अंगाला अंग घासून आणि ओल्या साहित्यातून झपाट्याने पसरतो, म्हणून अंगालगत बसणारा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि सराव संपताच साबणाने अंघोळ करावी. तालमीच्या तांबड्या मातीत हळद, तेल आणि ताक मिसळण्याची जुनी रीत आहे. रबरी गाद्यांवर तसे काही नसते, त्या रोज जंतुनाशकाने पुसाव्या लागतात. व्यायामशाळेतील सामायिक हेडगार्ड घालण्यापूर्वी त्याचा आतला भाग एकदा पाहावाच.

खरेदीचा क्रम त्यामुळे असा पडतो. पहिल्या आठवड्यात माउथगार्ड, कप आणि पट्ट्या. महिन्याभरात १६ औंसांचे ग्लोव्हज आणि नडगीचे रक्षक. सात औंसांचे उघड्या बोटांचे ग्लोव्हज प्रशिक्षक सांगेल तेव्हा. हेडगार्ड ठोशांची सराव-लढत सुरू झाल्यावर. चार औंसांची जोडी स्पर्धेचा अर्ज भरल्यावर घेतली तरी उशीर होत नाही. आणि कोणतीही वस्तू कायमची नसते. आठवड्यातून तीन-चार दिवस सराव करणाऱ्याच्या ग्लोव्हची गादी वर्ष-दीड वर्षात बसते. बाहेरून ते चकचकीत दिसतात, पण अंगठ्याने दाबले की सांधे हाताला लागतात. अशी जोडी घरातल्या धाकट्याला ‘शिकण्यापुरती’ देण्याची पद्धत आहे. त्याच्या हाताची हाडे अजून वाढत असतात आणि त्याच्या जोडीदाराचे डोकेही. ती जोडी त्याच्या वाट्याला न आलेलीच बरी.